मामी पलीकडच्या काठावर

मंडळी, तुम्ही उन्हातून आलात, ड्यूट्या बदलून आलात. मला चारचौघांत उभं राहून बोलायची सवय नाही. पण आधी एक दुरुस्ती करते. ती केल्याशिवाय मला पुढचं काहीच बोलता येणार नाही.

मामा गेले त्या दिवशी, घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं की आमचा फरशीवरचा खेळ मामांनी काढला. ते चूक होतं. खेळाची सुरुवात मामीची आहे.

विद्यापीठाच्या नावावरून खेडी पेटली, तेव्हा आमची वस्तीही जळाली. आम्ही सगळे इथं पूर्णेला, मामांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आलो. आमचं गाव म्हणजे मामीचं माहेर. एका दुपारी मामीनं ते गाव खडूनं फरशीवर काढलं. कुणाचं घर कुठं, लिंब कुठं, नदी कुठं. विसरू नये म्हणून. मामा ड्यूटीवरून आले. वाकून एकेक घर बघितलं. मग म्हणाले, "यात माणसं न्हाईत की." शर्टाची एक तुटकी गुंडी त्यांनी नदीवर ठेवली. "ह्यो नावाडी. ह्यो मी."

तेव्हापासून आम्ही खेळत आलो. प्रत्येकाची एक गुंडी. ती गुंडी कोण, ते आपणच ठरवायचं. आपला माणूस आता काय करणार ते सांगायचं आणि चार चिंचोके टाकायचे, एका बाजूनं घासून पांढरे केलेले. पांढरे जास्त पडले तर जमलं. काळे जास्त पडले तर फसलं. आणि दोन-दोन पडले तर? तर जमलं, पण त्यात काहीतरी गेलं. काय गेलं, ते मामा सांगायचे. शेजारचे सलीमचाचा खेळायला यायचे, ते म्हणायचे, "अरे भाई, तुम्हारे गाँव में मेरी बकरीच क्यूं जाती हर बार?"

माझी शाळा सुटली होती. मी अक्षरं त्या फरशीवर शिकले. खडूच्या गावातल्या दुकानाला पाटी हवी असली की मामा म्हणायचे, "लिही. चुकलीस तर गिऱ्हाईक परत जाईल." मी खरंच घाबरायचे.

आणि मामी! तुम्ही तिला ओळखता. घरात चार शब्द बोलणार नाही. पण खेळात ती बांगड्या विकणारी होती, आणि काय तोंड होतं त्या बाईचं!

"ए नावाड्या, ही नाव हाय का चाळणी? पाणी यायलंय आत!"

"बाई, तुमी बसल्यावर आगबोट बी बुडंल."

"बुडू दे. तुज्यासंगं बुडायला मला कुटं हौस हाय!"

असं त्या दोघांचं चालायचं. सलीमचाचा डोळे पुसेपर्यंत हसायचे. लग्नाच्या नवऱ्याशी ती जेवढं बोलली नसेल, तेवढं नावाड्याशी बोलली.

मामा एकटेही खेळायचे. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, केबिनमध्ये. मी एकदा विचारलं, एकट्यानं खेळताना काळे पडले तर परत का टाकत नाही? कोण बघतंय? म्हणाले, "कुणी बघत न्हाई म्हणूनच. तितं लय इमान लागतंय."

आमच्या खेळात एकच नियम असा होता, की त्याच्यापुढं चिंचोक्यांचंही चालायचं नाही. जो हजर नाही, त्याच्या गुंडीला हात लावायचा नाही. आम्ही गावात नसताना आमची घरं जाळली होती. म्हणून मामा म्हणायचे, "माणूस नसताना त्याच्या घराला हात लावायचा न्हाई. ह्या गावात तरी न्हाई."

मामा आजारी पडले, त्याच्या आदल्या डावात नदी चढली होती. मामीची बांगडीवाली पलीकडच्या काठावर उतरली होती. आम्ही बाकीचे अलीकडे. नाव मधल्या धारेत. तिथंच खेळ थांबला.

नांदेडच्या दवाखान्यात मामा रोज विचारायचे, "पुढं काय झालं?" आणि आम्ही रोज काय सांगायचो? "तुम्ही नाहीत, मग नाव कशी हलवणार? तुम्ही आलात की खेळू." आम्हाला वाटायचं, आपण त्यांचा मान राखतोय. त्यांना फक्त गोष्ट हवी होती. तेवढंही आम्ही नेलं नाही.

आता मला सांगा, मी काय करू? नावाडी येणार नाही. नाव हलवता येत नाही. मामा गेल्यापासून मामी एक शब्द बोललेली नाही. ती त्या फरशीच्या कडेला बसते. केर काढताना खडूची रेघ तेवढी वगळून काढते. सलीमचाचा म्हणाले, "बेटी, उचल ती नावाड्याची गुंडी, ठेव काठावर. कोण रागावणार आता?" रागावणारं कुणी नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच माझा हात जात नाही. मी गुंडी हलवली, तर मामीच्या गावाला दुसऱ्यांदा कुणीतरी तिला न विचारता हात लावला, असं होईल. नाही हलवली, तर ती पलीकडेच राहील.

मी खूप विचार केला. मला एवढंच सुचलं. मामांची गुंडी जिथं आहे तिथंच राहील. पण माझी गुंडी माझी आहे. तिला मी पलीकडं मामीकडं जायला पाण्यात उतरवू शकते. तिला पोहता येत नाही. खेळ सुरू करताना मीच तसं सांगितलं होतं, आता ते बदलणार नाही. चिंचोके मी एकदाच टाकीन. आणि काय झालं, ते मामी, तू सांगायचं. त्या नदीचं पाणी दुसऱ्या कुणाला माहीत आहे? मी बुडाले असं सांगितलंस तरी चालेल. पण तुझ्या तोंडून सांग.

मंडळी, आता दोन मिनिटं आपण सगळे मामांसाठी शांत उभे राहू. त्यांना माझा शेवटचा जय भीम.

मामी, येत्या रविवारी. दुपारी जेवणं झाली की मी पाण्यात उतरते.