चाचांचं ओलं पोतं

हसायचं तर हसा, पण मी वरकुट्याच्या विहिरीपाशी थांबल्याबिगर पुढं जात न्हाय.

तवा मी बारामतीहून इंदापूरला ट्रकनं गूळ न्यायचो. ढेपांच्या ओझ्यानं इंजिनातलं ऑइल नुसतं उकळायचं. मग त्या विहिरीपाशी गाडी लावायची. तितले म्हातारे इस्माईलचाचा ऑइल चेंबरला ओलं पोतं गुंडाळायचे आणि इंजिन निवलं की काढून घ्यायचे.

पुढं इंदापूरच्या दौलतराव फिटरनं मला मोठा ऑइल कूलर बसवून दिला. मी हौसेनं चाचांना दाखवला.

"म्हंजी आता थांबणार न्हाय तुमी?"

"आता कशाला थांबू, चाचा?"

पुढच्या खेपेला भर दुपारी चाचा पोतं घेऊन रस्त्याकडंला उभे. त्यांनी हात केला. मी हॉर्न वाजवला आन् तसाच दामटत इंदापूर गाठलं.

दौलतरावानं बॉनेट उचललं. कूलरवर पोतं होतं, पाणी निथळत होतं.

"ह्ये कुणी घातलं?"

"चाचांचं हाय. पण मी थांबलोच न्हाय की!"

दौलतराव पोत्याकडं बघतच राहिला. "अरं, चाचांना परवाच माती दिली. मी होतो तितं."

परतताना थांबलो. पोतं द्यायचं होतं ना त्यांचं.