घर ग्लेनिसचं, पत क्लाइव्हची

बार्न्झलीच्या बसथांब्यावर म्हाताऱ्या विल्फनं पेपर उघडला होता, पण कान होते पुढच्या दोघींकडे.

"ग्लेनिस, काउन्सिलचं घर विकत घेतेयस म्हणे?"

"अगं पॉलीन, वीस वर्षं काउन्सिलला त्याच घराचं भाडं भरलंय. आता सवलतीत देतायत, तर सोडू कशाला?"

"तुझ्या आणि क्लाइव्हच्या नावावर?"

"त्याचं नाव ऐकूनच बँकवाली हसली! शर्यतीची कबुतरं हप्त्यांवर घेतली होती ना त्यानं? कबुतरं उडाली, हप्ते बुडाले. ती म्हणाली, बुडवलेले हप्ते सहा वर्षं नोंदीत राहतात, तोवर याला कर्ज नाही; याला वगळा, नाहीतर कर्ज विसरा."

"मग?"

"वगळलं! तर त्याच संध्याकाळी, मासे-चिप्सच्या रांगेत, सगळ्यांसमोर गुडघा टेकून बसला. म्हणे, माझ्याशी लग्न कर!"

"अगं बाई! सतरा वर्षं एकत्र राहून आत्ता सुचलं?"

"घर माझ्या एकटीचं होतंय म्हटल्यावर सुचलं!"

बस आली. दोघी चढल्या. बस विल्फच्या गावाची नव्हती, तरी तोही मागोमाग चढला.

"मग तू काय म्हणालीस त्याला?"

"बँकवालीनं सांगितलं तेच. सहा वर्षं नीट वागून दाखव, मग अर्ज कर."