दामिनीचे दात

नागपूरच्या महाल भागातल्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या. धाकटी नुकतीच डॉक्टरांना भेटून आली होती.

"किती सांगतले वं, दामिनी?"

"पूर्ण तोंडाचे साडेचार लाख, ताई."

"अवं माय! सोन्याचे बसवून राहिले का?"

"आधी हाडात स्क्रू टाकतात, मंग त्याच्यावर दात बसवतात."

"मंग कवळी काहून नाही घेत? स्वस्तात होते."

"मी बी तेच म्हटलं. हे म्हणाले, मले तुले तोंडाले पदर न लावता हसताना पाहाचं आहे."

"भाऊजी असं म्हणाले?"

"हो ना. कार विकून राहिले त्याच्यासाठी."

"विकू दे बापा. हौस आहे त्यायले."

"तुमचं बरं आहे, ताई. तुमचे सगळे दात शाबूत आहेत."

"आहेत वं. पण माह्या नवऱ्याले विचारून पाय, त्यायले माहीत बी नसन."