गोमुखाची धार

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही घाम पुसून घ्या. आख्यान सुरू करण्याआधी एक प्रश्न विचारतो. दुसऱ्याच्या तोंडचं पाणी काढून घेतलं आणि देवाच्या पायावर घातलं, तर त्याचं तीर्थ होतं का?

माना हलल्या. ‘नाही’ म्हणताय. बरं झालं. हे ‘नाही’ जपून ठेवा, शेवटी लागणार आहे.

तर ऐका! एक गाव होतं. नगरपालिकेचं गाव – म्हणजे खेडं म्हटलं की रागावणारं आणि शहर म्हटलं की लाजणारं. मधोमध देवीचं देऊळ. वरच्या अंगाला माळ, तिथं गवंडी, पाथरवट, मजूर अशी कष्टकऱ्यांची वस्ती. टाकीतून निघालेली पाण्याची लाइन देवळामागून वळायची आणि सगळ्यात शेवटी माळावर पोचायची. एवढं ध्यानात ठेवा.

एका उन्हाळ्यात देवळाच्या मागच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागलं. आधी ओल, मग थेंब, मग करंगळीएवढी धार. गाव लोटलं! ‘देवी पावली, गुप्तगंगा आली!’ पुजाऱ्यांनी हळदकुंकू वाहिलं, विश्वस्तांनी पितळी गोमुख आणलं. ते भिंतीत बसवलं कुणी? माळावरच्या भिकोबा गवंड्यानं. बायको द्वारका घमेली उचलायला बरोबर. मजुरी देऊ केली तर भिकोबा म्हणाला, “देवीच्या कामाचं कसलं पैसं?”

आता त्या गंगेला एक वास यायचा. कसला? तुमच्या नळाला पहिला तांब्या भरताना येतो तो! पालिकेच्या पावडरीचा. एका आजोबांनी विचारलंसुद्धा, “पुजारीबुवा, गंगेला पावडरीचा वास कसा?” पुजारी म्हणाले, “पाणी औषधी आहे.” झालं! लोक कॅन भरून नेऊ लागले. कुणाचे गुडघे बरे झाले, कुणाच्या पोरीचं लग्न जमलं. हसा, हसा. हसून घ्या आत्ताच.

इकडे माळावरचे नळ नुसती हवा सोडायला लागले. बाया बंद पडलेल्या दगडखाणीत उतरू लागल्या. वर हिरवं, खाली गाळ, मधलं पाणी फडक्यानं गाळून प्यायचं.

मग सरकारचा निधी आला. गळती थांबवा, शेवटच्या घरापर्यंत पाणी न्या. चांगली योजना हो, मी तिची थट्टा करणार नाही. अभियंता म्हणून एक बाई आल्या. लोखंडी कांब जमिनीला टेकवायच्या आणि वरच्या टोकाला कान लावायच्या, डॉक्टर छाती तपासतो तशा. देवळामागे आल्या, ऐकलं आणि म्हणाल्या, “गावातली सगळ्यात मोठी गळती इथं आहे. खणावं लागेल.”

सभा भरली. विश्वस्तांचे अध्यक्ष उठले. “बाई, देवीच्या पोटात कुदळ घालणार तुम्ही?”

“देवीच्या नाही, पाइपाच्या शेजारी. हे पाणी माळावरच्या लोकांचं आहे.”

“विचारू या लोकांनाच. खणू नये असं कुणाला वाटतं? हात वर करा.”

सगळे हात वर! आणि सगळ्यात उंच हात कुणाचा? भिकोबाचा! द्वारका त्याचा सदरा ओढतेय, “अवो, आपला नळ कोरडा हाय!” भिकोबा म्हणाला, “गप. देवीचं पानी तोडायचं पाप माझ्या माथी नको.”

का हो, मागची मंडळी चुळबुळ का करताय? दुसऱ्या गावची गोष्ट आहे. बसा.

खणायचं नाही, पण निधी परत जाऊ द्यायचा नाही, हे मात्र सगळ्यांना कळत होतं. टाकीपासून देवळापर्यंत नवी लाइन टाकली. देवळामागचा फुटका तुकडा तसाच ठेवला. काय झालं असेल? नव्या पाइपातून दाब वाढला आणि गोमुखाची धार दुप्पट झाली! ‘सरकारचं काम देवीला पसंत पडलं!’ पेढे वाटले. ‘गळतीमुक्त गाव’ म्हणून फलक लागला, आणि त्याच फलकाखाली कॅन घेतलेल्यांची रांग. माळावरच्या नळांतून आता हवासुद्धा येईना.

पुढं भिकोबाचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी विचारलं, “पाणी कुठलं पिता?” द्वारका म्हणाली, “खाणीतलं.” डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. कावीळ चढत गेली, पोटात पाणी झालं, जिल्ह्याच्या दवाखान्यानं घरी न्या म्हणून सांगितलं.

ही बातमी विश्वस्तांना कळली. गोमुखाची सेवा केलेला माणूस! अध्यक्ष स्वतः गाडी घेऊन माळावर गेले. एरवी त्या रस्त्याला त्यांची गाडी कधी दिसली नव्हती. हातात तीर्थाची बाटली, तिच्यावर देवीचं चित्र. म्हणाले, “वहिनी, गंगा आणलीय. तोंडात घाला, जीव शांत होईल.”

द्वारकानं बाटली उघडली. पळीत पाणी ओतलं, नवऱ्याच्या तोंडापर्यंत नेलं – आणि थांबली. तिनं पळी नाकाशी धरली. कितीतरी दिवसांनी तो वास तिच्या घरात आला होता.

“सायेब, हे माझ्या नळाचं पानी हाय,” ती म्हणाली. “ह्यो मानूस धडधाकट होता, तहानेला होता, तवा न्हाई आलं. आता बाटलीतनं आणलंत व्हय?”

आणि भिकोबा? मंडळी, मला इथं फार राग येतो, कुणाकुणाचा ते सांगता येत नाही. भिकोबानं हात जोडले होते. देवीचं तीर्थ आलं म्हणून त्यानं तोंड उघडलं होतं. ती काय करणार? तिनं पाजलं. संध्याकाळी तो गेला. शेवटची आंघोळ खाणीच्या पाण्यानं घातली.

आता टाळ नको, मृदंग नको. जरा गप्प बसा आणि ऐका. माझ्या पाठीमागे, भिंतीपलीकडे. येतोय आवाज? मघापासून कीर्तनाला साथ करतोय. दुपारी अध्यक्षांनी मला याच धारेचं तीर्थ दिलं. मी वास घेतला आणि तांब्या खाली ठेवला. म्हणून ते पहिल्या रांगेत रुसून बसलेत.

हो, गोष्ट तुमचीच आहे. नवऱ्याचं नाव मी बदललं. बाईचं नाही, तिनं स्वतः सांगितलं, “माझं नाव घ्या.” तुम्ही मघाशी ‘नाही’ म्हणालात ना? मग तीर्थ नाही तर काय आहे हे? तुमच्यातला कोण उद्या कुदळ घेऊन मागे येणार आहे? मघाशी माना हलल्या, आता हात तर दिसू देत. त्या सभेत किती पटकन वर गेले होते!

राहू दे. अध्यक्ष, तुमच्या पंगतीला मी नाही. आज माझं जेवण माळावर आहे, द्वारकाबाईंकडे. निरोप पाठवलाय त्यांनी – ‘भाकरी माझी खावा महाराज, पण पानी तेवढं तुमचं घेऊन या.’

सांगा मंडळी, कुठून भरून नेऊ?