टाकीत साधंच भरलं

(कनेरगाव नाक्यावरचं थावराचं गॅरेज. दुपार.)

ओमप्रकाश : मग फुटन का इंजिन?

थावरा : काहून फुटन? अन् तू एवढ्या आशेनं काहून इचारून राहिला? गाडी तर तुझ्या भावाची, रणजीतची ना?

ओमप्रकाश : त्याचीच. पुण्याहून जुनी टर्बोवाली कार आणली अन् तांड्याचा राजा झाला! मला म्हणे, दादा, हिंगोलीहून भारीचं पेट्रोल भरून आणा. मी हितंच नाक्यावर साधं भरलं. टाकी फुल्ल!

थावरा : अरे बाबा, झाकणावर अठ्ठ्याण्णव ऑक्टेन लिहिलंय. दिसलं न्हाई?

ओमप्रकाश : दिसलं म्हणूनच तर साधं भरलं.

थावरा : वा रे पठ्ठ्या!

ओमप्रकाश : काय व्हईल ते सांग ना.

थावरा : टर्बो इंजिनात हवा कोंबते, दाब वाढते. कमी ऑक्टेनचं पेट्रोल तेवढा दाब सोसत न्हाई, आपल्या आपणच भडकते. आतून टकटक वाजते.

ओमप्रकाश : वाजू दे! साऱ्या वऱ्हाडासमोर वाजू दे.

थावरा : लई न्हाई वाजणार. गाडीतल्या कॉम्प्युटरला बराबर समजते. तो ठिणगी उशिरा देते, जोर कमी करते. चढाला सुस्त चालन, बस्स.

ओमप्रकाश : एवढंच?

थावरा : एवढंच. अन् तुझ्या व्हॅनमधी भारीचं टाकलं तरी तिचा जोर वाढणार न्हाई.

ओमप्रकाश : माहीत हाये. मागल्या महिन्यात टाकून पाह्यलं.

थावरा : ओम्या! काय झालं रे तुला?

ओमप्रकाश : जळून राहिलो, दुसरं काय! उद्या भाचीचं, दिपाचं लग्न. सकाळी भर बैठकीत म्हणली, दिग्रसला सासरी जाईन तर रणजीतमामाच्याच गाडीत. मोठा मामा मी! शाळंत कोणी नेलं तिला? दवाखान्यात कोणी नेलं? भाड्याची शिटं अर्ध्या वाटंत उतरवून व्हॅन पळवली मी. आता तिला व्हॅनची लाज वाटते.

थावरा : असं म्हणली ती?

ओमप्रकाश : पुढचं ऐकायला थांबलोच न्हाई. मंग दुपारी रणजीतनं हातात चाबी कोंबली. थांब, त्याचाच फोन... बोल.

रणजीत (स्पीकरवर) : दादा, भेटलं का पेट्रोल? लवकर या अन् गाडीवर हात बसवून घ्या. उद्या तुमालाच चालवायची हाये.

ओमप्रकाश : मला?

रणजीत : मंग! दिपा सकाळीच बोलली ना, गाडी लहान्या मामाची, पण चालवणार मोठाच मामा, न्हाईतर बसतच न्हाई. तुमी अर्ध्यातून उठले का काय? दादा? येऊन राहिला ना आवाज?

ओमप्रकाश : येऊन राहिला. निघतो मी.

थावरा : आता काय करतो?

ओमप्रकाश : टाकी रिकामी कर, थावरा.

थावरा : काही गरज न्हाई. चढाला ॲक्सिलेटर दाबू नको, हळू ने. गाडीचं काही बिघडत न्हाई.

ओमप्रकाश : हळूच नेईन रे. लेकराला सासरी सोडायला मला कुठं घाई हाये.