गौराई बुडेपर्यंत

पोरी वर्गात बोलत नाहीत म्हणता? अहो, इंग्रज होते तेव्हाची सांगते. अमळनेरला तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचं उन्हाळी शिबिर होतं आणि वादविवाद शिकवायचं माझ्याकडे. विषय होता, खेडं बरं की शहर. सकाळपासून घसा फोडला, पण एक पोर तोंड उघडेल तर शपथ! सखूला उभं केलं, तर ती नुसती पदराचं टोक चावत राहिली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर सभा. मी रडकुंडीला आले.

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस होते. संध्याकाळी पोरी गौराई बुडवायला नदीवर निघाल्या, तशी मीही गेले. पलीकडच्या काठावर दुसऱ्या गावच्या पोरी. रिवाजाप्रमाणे दोन्हीकडून शिव्या सुरू झाल्या, आणि सगळ्यांत पुढे कोण? सखू! एकेका शिवीला असं काही उत्तर देत होती की मी बघतच राहिले. गौराई बुडाली, तशा सगळ्या गप्प.

मी विचारलं, "अगं, मग वर्गात काय झालं होतं तुला?"

"बाई, समोर भांडनारं कोनी नही, मंग बोलानं कोनासंगे?"

दुसऱ्या दिवशी मी मधोमध निळी सतरंजी अंथरली, म्हटलं, ही नदी. दोन काठांवर दोन गट बसवले. त्या ज्या सुटल्या! शेवटी सभेचे अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, "बाई, आवरा यांना!"

म्हटलं, "साहेब, गौराई बुडाल्याशिवाय नाही थांबायच्या."

तशा साऱ्या पोरी अध्यक्षांकडेच बघायला लागल्या, जणू आता बुडवायची गौराई तेच!