मिनलचे दहा शब्द

अरे, कमिट मेसेजवरून मी एकदा एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या ऑफिसात कीबोर्ड आपटला होता, ते सांगितलंय का तुम्हाला? कोड सर्व्हरवर चढवताना काय बदललं ते लिहायचं असतं, आणि आम्ही सगळे 'फिक्स' एवढंच खरडायचो. निर्मळहून स्कूटरवर येणारी आमची मिनल त्याला वैतागली आणि तिने एक स्क्रिप्ट बसवली. बदलाचं कारण निदान दहा शब्दांत लिहिलं नाही, तर कोड चढणारच नाही!

त्या दिवशी एका शाळेच्या निकालाचं काम होतं. शाळेचा शिपाई सीडी न्यायला दारात उभा. मी एक ओळ उडवली आणि लिहिलं, 'फालतू ओळ काढली.' मशीन म्हणालं, 'कारण लिहा.' मी कीबोर्ड आपटला.

"मिनल, बंद कर तुझं हे!"

"दहा शब्दच तर मागतंय. लिही ना."

आता दहा शब्द आणायचे कुठून? झक मारत ती ओळ नीट वाचली. आजारी पडून परीक्षेला न बसलेल्या पोरांना नापास धरू नये, एवढ्यासाठीच ती होती! गुपचूप परत टाकली.

"काय रे, लिहिलंस कारण?"

"कारणच नव्हतं. ओळ परत ठेवली. हुशार आहे तुझं मशीन."

"त्याला काय कळतंय? ते नुसते शब्द मोजतं. वाचलंस तू."

मी भडकलोच. म्हटलं, "मग दहाच कशाला? पंधरा कर, म्हणजे आणखी नीट वाचेन!"